शोधमार्ग आणि सामायिक आज्ञासंग्रह : एक ऐतिहासिक विवेचन

छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडीवर एखाद्या रिक्षावाल्यास 'दिल्ली दरवाजा' एवढेच दोन शब्द सांगितले, तर 'कोणता दिल्ली दरवाजा ?' असा उलट प्रश्न तो करीत नाही. त्याच नावाची वेस अहिल्यानगरात आहे, आणि खुद्द दिल्लीतही 'दिल्ली गेट' आहेच. तथापि गुलमंडीवर उच्चारलेल्या त्या नावाचा अर्थ या शहराच्या उत्तरेकडील तटाचा दरवाजा असाच होतो. तेच शब्द अहिल्यानगरच्या बाजारात बोलले गेले की अर्थ पालटतो. नाव एकच असून अर्थ स्थानपरत्वे बदलावा आणि तरीही बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांत घोटाळा होऊ नये, याचे कारण उघड आहे. ऐकणाऱ्याच्या मनात ठिकाणांची एक क्रमवार यादी असते : प्रथम हे शहर, मग शेजारचे, मग दूरचे. या यादीत ते नाव जेथे पहिल्याने सापडेल तेथेच शोध थांबतो.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या व्यवहारात नेमकी अशीच यादी लिखित स्वरूपात असते. आज्ञावलीत एखाद्या लायब्ररीचे, म्हणजे पुनःपुन्हा वापरावयाच्या आज्ञासंग्रहाचे, केवळ नाव दिलेले असते. ते नाव कोणकोणत्या डिरेक्टरींत आणि कोणत्या क्रमाने शोधावयाचे, हे त्या आज्ञावलीबाहेर ठरवून दिलेले असते. या क्रमवार यादीस येथे 'शोधमार्ग' असे म्हटले आहे. तो यंत्रव्यवस्थेतील एक किरकोळ तपशील होय, असे सामान्यतः मानले जाते. त्याचा इतिहास पाहिला म्हणजे मात्र वेगळे दिसते. एकाच नावावर अनेकांचा हक्क असताना तंटा न होता काम एकत्र चालावे, यासाठी सिद्ध झालेली ती एक रीत आहे. आणि ती लिखित व सर्वांस ठाऊक असेल तोवरच विश्वासास पात्र राहते. प्रस्तुत विवेचनाचा हेतू एवढेच दाखविण्याचा आहे.

१. नक्कल आणि कपाट

पहिल्या संगणकांच्या काळात आज्ञासंग्रहाची देवघेव म्हणजे शब्दशः नक्कल होती. हार्वर्ड येथील मार्क-१ यंत्रावर काम करणाऱ्या ग्रेस हॉपर व त्यांचे सहकारी उपयुक्त आज्ञांचे तुकडे वह्यांतून उतरून ठेवीत आणि एकमेकांच्या वह्यांतून आपल्या कामात उतरवून घेत. हस्तलिखित पोथ्यांच्या अभ्यासकास या प्रकारातील दोष सांगावयास नको : प्रत्येक नकलेगणिक लेखनिकाचे प्रमाद वाढत जातात, आणि मूळ पाठ सुधारला तरी त्याच्या प्रती सुधारत नाहीत.

केंब्रिज येथील एडसॅक या यंत्रावर ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालली. तेथे डेव्हिड व्हीलर, मॉरिस विल्क्स आणि स्टॅन्ली गिल यांनी सबरूटीनची, म्हणजे स्वतंत्रपणे रचलेल्या व कोणत्याही आज्ञावलीत बसविता येणाऱ्या उपक्रमांची, रीतसर लायब्ररी उभारली. हे उपक्रम छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर होते आणि त्या फिती पोलादी कपाटात वर्गवारीने ठेवलेल्या असत. ज्यास हवी त्याने फीत काढावी, तिची नक्कल यंत्राने आपल्या फितीवर उठवावी आणि मूळ फीत जागच्या जागी ठेवावी, असा परिपाठ होता. १९५१ मध्ये या तिघांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा संग्रहात ऐंशीहून अधिक उपक्रम जमले होते. हातच्या नकलेचा दोष येथे गेला. परंतु नक्कल गेली नाही. कपाट मात्र एकच होते, आणि म्हणून 'कोणते ?' हा प्रश्नही उद्भवत नव्हता.

पुढील पाऊल हॉपर यांनी टाकले. १९५२ च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'ए-०' या त्यांच्या व्यवस्थेत उपक्रमाचा केवळ संकेतांक द्यावयाचा आणि यंत्राने तो चुंबकीय फितीवरून शोधून जोडून घ्यावयाचा, अशी योजना होती. 'कंपायलर' हा शब्द त्यांनी प्रथम या संकलनाच्या अर्थानेच वापरला. मनुष्याने कपाटाकडे जाण्याऐवजी यंत्रानेच जावे, हा तो पालट होय. १९५५ मध्ये आयबीएमच्या यंत्रांचे उपयोगकर्ते लॉस एंजलिस परिसरात एकत्र आले आणि त्यांनी 'शेअर' नावाचा संघ स्थापन केला. एकाने लिहिलेले उपक्रम इतरांस विनामूल्य मिळावेत, हा त्याचा एक मुख्य उद्देश होता. येथून पुढे संग्रह एका प्रयोगशाळेपुरता राहिला नाही. परंतु संग्रह अनेक झाले की नावेही आपसांत भिडू लागतात, हे ओघानेच आले.

२. मुंबईतील पर्व

महाराष्ट्रात या इतिहासाचा आरंभ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाला. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तेथे बांधलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी त्यास 'टिफ्रॅक' हे नाव दिले. चाळीस द्विमान अंकांचा एक, असे २०४८ शब्द त्याच्या स्मृतीत मावत. इतक्या अरुंद जागेत दुसऱ्याचा उपक्रम आपल्या आज्ञावलीत बसविणे हे कौशल्याचेच काम होते, आणि ते मुख्यतः परस्परांच्या ओळखीवर, प्रत्यक्ष सहवासावर चालणारे होते.

१९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे यंत्र आले. त्याचा उपयोग देशातील अनेक विद्यापीठांस व संशोधनसंस्थांस करून देण्यात आला. यंत्र ज्याने कधी पाहिलेले नाही असा संशोधकही आता फोर्ट्रान भाषेत लिहिलेल्या कार्डांची गड्डी धाडू शकत होता. ज्या उपक्रमांची नावे तो घेई त्यांपैकी काही त्याच्याच गड्डीत असत आणि वर्गमूळ, लघुगणक यांसारखी सर्वसाधारण फलने यंत्राबरोबरच्या लायब्ररीतून जोडली जात. म्हणजे 'आपले' आणि 'सर्वांचे' असे दोन स्तर स्पष्टपणे अस्तित्वात आले. मात्र या दोहोंमध्ये एका विभागाचा, एका गटाचा असा तिसरा स्तर फारसा संभवत नव्हता. गटाने लिहिलेले काही वापरावयाचे तर कार्डांची प्रत काढून आपल्या गड्डीस जोडणे, हाच सोपा उपाय होता.

तिसऱ्या स्तरास जागा मिळाली ती अनेकांनी एकाच वेळी यंत्र वापरण्याची सोय झाल्यावर. १९७० नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने टाटा संस्थेत सॉफ्टवेअर-विकासाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले आणि तेथे डेक-१० कुळातील यंत्र आले. पुढे १९८५ मध्ये याच केंद्रातून एनसीएसटी ही स्वायत्त संस्था निर्माण झाली. डेक-१० च्या टॉप्स-१० या संचालन-व्यवस्थेत प्रत्येक उपयोगकर्त्यास डिस्कवर स्वतःची जागा असे आणि त्याच्या कामास एक 'शोधसूची' जोडलेली असे. फाइल कोणत्या साठ्यांतून कोणत्या क्रमाने पाहावयाची, हे ती सूची ठरवी. 'सेटसोर्स' या आज्ञेने उपयोगकर्त्यास ती बदलता येई आणि एखादी सामायिक डिरेक्टरी आपली लायब्ररी म्हणून तीत घालता येई. एडसॅकच्या खोलीतील एकच कपाट आता अनेक कपाटांत विभागले गेले होते, आणि कोणते कपाट आधी उघडावयाचे हे सांगणारी चिठ्ठी ज्याच्या त्याच्या हाती आली होती.

३. नियमाचे सूत्रीकरण

या कल्पनेचे काटेकोर सूत्रीकरण मल्टिक्स या व्यवस्थेत झाले. तिच्या रचनेचे काम अमेरिकेतील एमआयटी, बेल प्रयोगशाळा व जनरल इलेक्ट्रिक यांनी १९६५ च्या सुमारास संयुक्तपणे हाती घेतले. तीत नावाच्या शोधाचे नियम नेमून दिलेले होते. प्रथम, या कामात ते नाव आधीच ओळखीचे झाले आहे काय हे पाहावे. नसल्यास ज्या आज्ञावलीने नाव घेतले तिच्याच डिरेक्टरीत पाहावे. मग उपयोगकर्त्याच्या चालू डिरेक्टरीत. आणि शेवटी व्यवस्थेच्या सार्वजनिक संग्रहांत. नाव घेणाऱ्याचे घर आणि काम करणाऱ्याचे घर हे दोन येथे वेगळे मानले आहेत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दुसऱ्याने लिहिलेला संग्रह जेव्हा आपल्या शेजारच्या उपक्रमाचे नाव घेतो तेव्हा त्यास त्याच्याच घरातील उपक्रम मिळावा, वापरणाऱ्याच्या घरातील नव्हे, हा या नियमाचा आशय होय.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेतच केन थॉम्सन व डेनिस रिची यांनी आरंभिलेल्या युनिक्समध्ये ही योजना पुष्कळच सोपी करण्यात आली. आरंभीच्या काळात दिलेले नाव जसेच्या तसे पाहावे, न मिळाल्यास 'बिन' या डिरेक्टरीत पाहावे, एवढाच नियम होता आणि तो आज्ञा वाचणाऱ्या आज्ञावलीतच कोरलेला होता. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तो बाहेर आला. 'पाथ' या नावाच्या चलात डिरेक्टरींची नावे अपूर्णविरामांनी तोडून लिहावयाची आणि डावीकडून उजवीकडे शोध घ्यावयाचा, ही आजही रूढ असलेली पद्धत तेव्हापासूनची. तिच्या मूळ रूपात यादीचा आरंभच अपूर्णविरामाने होत असे. त्याच्या आधी काहीच लिहिलेले नसे. या रिकाम्या जागेचा अर्थ 'चालू डिरेक्टरी' असा होता. लोपालाही अर्थ असतो, हे पाणिनीय परंपरेच्या अभ्यासकास नवे नाही. परंतु या शून्यातून पुढे किती अनर्थ उद्भवले ते यथाक्रम येईलच.

नियम बाहेर आला, म्हणजे तो बदलण्याचा अधिकारही यंत्रचालकाकडून उपयोगकर्त्याकडे आला. पुढील प्रत्येक साधनाने हीच रीत उचलली. सी भाषेत शीर्ष-फाइलचे नाव अवतरणचिन्हांत दिले तर शोध सामान्यतः नाव घेणाऱ्या फाइलच्या शेजारून सुरू होतो. कोनी कंसांत दिले तर तो नेमलेल्या व सार्वजनिक संग्रहांतच होतो. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सनच्या यंत्रांवर अनेक आज्ञावलींनी चालतेवेळी एकच लायब्ररी वाटून घेण्याची सोय झाली आणि 'एलडी लायब्ररी पाथ' हा चल आला. १९८७ मध्ये पर्ल भाषा निर्माण करणारे लॅरी वॉल हे मुळात भाषाविज्ञानाचे विद्यार्थी. त्यांच्या भाषेत, तसेच १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथनमध्ये, शोधमार्ग ही आज्ञावलीस स्वतः वाचता व बदलता येणारी यादीच झाली.

४. वैयाकरणांची उपमा आणि तिची मर्यादा

एकाच ठिकाणी दोन नियम प्राप्त झाले असता कोणता प्रवृत्त व्हावा, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे वैयाकरणांनी जितका केला तितका अन्यत्र क्वचितच झाला असेल. समान बळाच्या दोन सूत्रांत विरोध आला तर पाठक्रमात नंतर येणारे प्रवृत्त होते, असे पाणिनीने सांगितले. पुढे परंपरेने बलाबलाची चढती श्रेणी लावली : पर नियमाहून नित्य बलवान, नित्याहून अंतरंग, आणि अंतरंगाहून अपवाद. महाराष्ट्रीय घराण्यातील व काशीस राहिलेल्या नागेश भट्टांच्या 'परिभाषेंदुशेखर' या ग्रंथात याचे सविस्तर विवेचन आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या किलहॉर्न यांनी १८६८ ते १८७४ या काळात त्याची भाषांतरासह आवृत्ती मुंबईहून प्रसिद्ध केली.

शोधमार्गातील 'जवळचे आधी' हे तत्त्व अंतरंग-परिभाषेची आठवण करून देते, यात संशय नाही. परंतु ही उपमा फार ताणता येत नाही. वैयाकरण बलाबल ठरवितो ते नियमांचा आशय पाहून. अमुक नियमाची निमित्ते आतील आहेत की बाहेरची, अमुक नियम सामान्य आहे की विशेष, हे तपासून. शोधमार्ग आशयाकडे पाहतच नाही. त्यास केवळ नाव आणि स्थान कळते. यादीत आधी असलेल्या डिरेक्टरीत त्या नावाची एखादी मोडकी, जुनी किंवा भलत्याच हेतूने ठेवलेली फाइल असली तरी तीच स्वीकारली जाते आणि पुढे शोध होत नाही. व्याकरणात सर्व सूत्रे एकाच शास्त्रकाराच्या छत्राखाली आहेत. शोधमार्गातील डिरेक्टरींचे धनी मात्र निरनिराळे असतात. म्हणूनच येथे क्रम हा तर्काचा नव्हे, तर विश्वासाचा प्रश्न बनतो.

५. विभागातील उदाहरण

हा प्रश्न भाषाविषयक संशोधनात कसा उभा राहतो, हे एका कल्पित परंतु नित्य संभवनीय उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका मराठी विभागात शब्दांची वारंवारता मोजणारी एक आज्ञावली आहे आणि ती 'वर्णशुद्धी' या नावाच्या लायब्ररीचे साहाय्य घेते. या लायब्ररीची गरज खरी आहे. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठविलेला आढळतो : एकदा टिंब असलेल्या स्वतंत्र र-ने, आणि एकदा साध्या र-ला हलन्त व 'झिरो विड्थ जॉइनर' हे अदृश्य चिन्ह जोडून. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये स्वतंत्रपणे समाविष्ट झाले. त्यापूर्वीच्या मजकुरात ते बहुधा अ-वर चंद्र देऊन लिहिलेले असते. वाचकाच्या डोळ्यास ही रूपे एकच दिसतात. यंत्रास ती भिन्न असतात, आणि युनिकोडचे सर्वसाधारण एकरूपीकरणही त्यांस एक करीत नाही. ते काम विभागानेच लिहिलेल्या संग्रहास करावे लागते.

आता, १९६२ मध्ये शासनमान्य झालेल्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वीच्या व नंतरच्या ग्रंथांची तुलना करणाऱ्या संशोधकास हे अनुस्वार गाळून शब्द एक केलेले हवे असतात. याउलट जुन्या मुद्रणातील लेखनपद्धतीचाच अभ्यास करणाऱ्यास एकही अनुस्वार गमावून चालत नाही. दोघांस 'वर्णशुद्धी' हवी आहे, परंतु तिचा आशय वेगळा हवा आहे. वारंवारता मोजणारी आज्ञावली दोघांची एकच आहे आणि तिच्या दोन प्रती करणे इष्ट नाही.

शोधमार्गाची उपयुक्तता येथे प्रत्ययास येते. विभागाची 'वर्णशुद्धी' सामायिक डिरेक्टरीत ठेवावयाची. जुन्या मुद्रणाच्या अभ्यासकाने आपली सुधारलेली प्रत स्वतःच्या डिरेक्टरीत ठेवावयाची आणि 'पायथनपाथ' या चलात ती विभागाच्या डिरेक्टरीच्या आधी लिहावयाची. मूळ आज्ञावलीतील एक अक्षरही बदलावे लागत नाही. विभागाने उद्या आपल्या संग्रहातील चूक दुरुस्त केली, तर ती इतर सर्वांस तत्क्षणी लाभते.

परंतु हानीही येथेच दडलेली आहे. दोन वर्षांनी त्या अभ्यासकास स्वतःच्या प्रतीचा विसर पडला, तर विभागातील दुरुस्ती त्याच्यापर्यंत कधीच पोचत नाही. आणि पोचली नाही हे त्यास कळतही नाही. यंत्र काहीच तक्रार करीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने नाव सापडलेले असते. एकच आज्ञावली, एकच मजकूर, आणि दोन खोल्यांत दोन आकडे, अशी अवस्था उत्पन्न होते. प्रबंधात आकडा छापला जातो. तो ज्या क्रमाने निघाला तो क्रम छापला जात नाही. संशोधनाच्या प्रामाण्याच्या दृष्टीने हा दोष किरकोळ नव्हे.

६. स्तरांची व्यवस्था

यावरील उपायाचे उत्तम उदाहरण मुद्रणाच्या क्षेत्रात सापडते. डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या व्यवस्थेसाठी ग्रोनिंगेनचे फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ मध्ये देवनागरीचा संच सिद्ध केला. युनिकोड रूढ होण्यापूर्वी संस्कृत, मराठी व हिंदी मजकूर विद्वन्मान्य रीतीने छापण्यासाठी अनेकांनी त्याचा आधार घेतला. टेकच्या जगात अशा संचांची संख्या वाढत गेली, तेव्हा १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास डिरेक्टरींची एक सर्वमान्य मांडणी ठरविण्यात आली. पुढे रूढ झालेल्या व्यवस्थेत तिचे तीन वृक्ष मानतात : व्यक्तीचा गृहवृक्ष, संस्थेचा स्थानिक वृक्ष आणि वितरणाबरोबर आलेला मूळ वृक्ष. शोध याच क्रमाने होतो. मूळ वृक्षात कोणी हात घालावयाचा नाही, संस्थेचे भर घातलेले साहित्य स्थानिक वृक्षात, आणि प्रयोग गृहवृक्षात, असा दंडक आहे.

या मांडणीत तीन गुण आहेत. प्रत्येक स्तराचा धनी निश्चित आहे. क्रम सर्वत्र सारखा असल्यामुळे एका ठिकाणी शिकलेला मनुष्य दुसऱ्या ठिकाणी परका होत नाही. आणि 'केपीएसई-विच' या आज्ञेने एखाद्या नावाचा शोध नेमका कोठे थांबेल हे आधी विचारून घेता येते. युनिक्समध्ये 'विच' ही आज्ञा हेच काम करते, आणि पायथनमध्ये आणलेल्या लायब्ररीस तिच्या फाइलचा पत्ता विचारता येतो. मोजणीच्या प्रत्येक निकालासोबत हा पत्ता व लायब्ररीची आवृत्ती नोंदविण्याची शिस्त ज्या विभागात असेल, तेथे वर वर्णिलेला घोटाळा घडला तरी लपून राहणार नाही.

७. क्रमाचा गैरफायदा

युनिक्सच्या यादीतील त्या रिकाम्या जागेकडे आता वळावयास हरकत नाही. चालू डिरेक्टरी यादीत सर्वप्रथम असली, तर मनुष्य जेथे जाऊन उभा राहील तेथील फाइलींस अग्रपूजेचा मान मिळतो. एखाद्याने आपल्या डिरेक्टरीत फाइलींची यादी देणाऱ्या नित्याच्या आज्ञेच्याच नावाची दुसरी आज्ञावली ठेवावी, आणि सर्वाधिकारी व्यवस्थापकाने तेथे येऊन ती आज्ञा द्यावी, की त्याचे सर्व अधिकार त्या परक्या आज्ञावलीच्या हाती जातात. हा धोका फार पूर्वी ओळखला गेला आणि व्यवस्थापकाच्या शोधमार्गातून चालू डिरेक्टरी वगळण्याची रीत पडली. विशेष अधिकाराने चालणाऱ्या आज्ञावलींच्या बाबतीत 'एलडी लायब्ररी पाथ' हा चल दुर्लक्षिला जातो, तोही याच कारणाने. तरीही जुनी सवय किती चिवट असते पाहा : पर्लच्या यादीतून चालू डिरेक्टरी गेली ती २०१७ च्या ५.२६ या आवृत्तीत. आणि आज्ञावलीची स्वतःची डिरेक्टरी यादीत घालू नये एवढेच सांगण्याची स्वतंत्र सोय पायथनमध्ये २०२२ च्या ३.११ या आवृत्तीत आली. नवशिक्याने आपल्या सरावाच्या फाइलीस 'रँडम' असे नाव द्यावे आणि त्याच नावाची प्रमाण लायब्ररी त्यामुळे झाकली जावी, हा प्रकार आजही वर्गावर्गांतून घडतो. त्यात दुष्टावा नसतो. परंतु कारण तेच असते.

२०२१ मध्ये अलेक्स बिर्सन या सुरक्षा-संशोधकाने दाखविलेली गोष्ट अधिक गंभीर आहे. अनेक कंपन्या आपल्या अंतर्गत लायब्रऱ्यांची नावे केवळ आपसांत वापरीत होत्या. बिर्सन यांनी त्याच नावांचे, परंतु वरच्या आवृत्ति-क्रमांकाचे संच सार्वजनिक भांडारांत ठेवले. अंतर्गत व सार्वजनिक अशा दोन्ही भांडारांत पाहणाऱ्या साधनांनी वरचा क्रमांक श्रेष्ठ मानून बाहेरचा संच आत घेतला. पस्तीसहून अधिक संस्थांच्या यंत्रणांत अशा रीतीने प्रवेश मिळाल्याचे त्यांनी जाहीर केले. येथे 'जवळचे आधी' हा नियम जाऊन 'नवे आधी' हा नियम कोणाच्या ध्यानात न येता त्याच्या जागी आला होता. अंतरंगावर बहिरंगाने मात केली, आणि ती केवळ अंकांच्या बळावर. सामायिक संग्रहाचे दार उघडे ठेवणे व ते कोणत्या क्रमाने उघडते हे ठाऊक असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हाच या प्रसंगाचा बोध होय.

८. भाषांचा शोधमार्ग

शोधमार्गाची कल्पना केवळ आज्ञासंग्रहापुरती राहिलेली नाही. ती खुद्द भाषेपर्यंत येऊन पोचली आहे. लिनक्सवरील अनेक आज्ञावलींतील सूचना व संदेश 'गेटटेक्स्ट' या लायब्ररीद्वारे भाषांतरित होतात. ग्नू प्रकल्पातील तिच्या व्यवस्थेत 'लँग्वेज' हा एक चल आहे. त्यात भाषांची चिन्हे अपूर्णविरामांनी तोडून पसंतीच्या क्रमाने लिहिता येतात : मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी. मराठीची निवड मूळ भाषा म्हणून केलेली असेल, तर संदेश प्रथम मराठीच्या संग्रहात शोधला जातो. तेथे नसल्यास हिंदीत. आणि कोठेच न मिळाल्यास मूळ संदेश जसाच्या तसा दाखविला जातो. हे भाषांतर-संग्रह अनेकांच्या श्रमांतून उभे राहतात, आणि पुण्यातील रेड हॅटच्या भाषाविभागानेही मराठीच्या कामी मोठा वाटा उचललेला आहे. मराठी संग्रहातील प्रत्येक रिकामी ओळ म्हणजे यादीत एक पाऊल पुढे सरकणे होय. क्रम वापरणाऱ्याच्या हाती असतो. पहिल्याच घरात शब्द सापडावा, ही जबाबदारी मात्र त्या भाषेच्या लोकांची असते.

गुलमंडीच्या बाजारात ही व्यवस्था कोणी लिहून ठेवलेली नाही, पण ती नित्य चालू असते. दुकानदार गिऱ्हाइकाशी मराठीत आरंभ करतो, प्रतिसाद न मिळाल्यास दखनी वळणाच्या हिंदीत किंवा उर्दूत वळतो, आणि वेरूळ-अजिंठ्यास आलेला परदेशी प्रवासी समोर असेल तर इंग्रजीच्या चार शब्दांवर काम भागवितो. त्याचा क्रम गिऱ्हाईक पाहून बदलतो, आणि चुकला तर समोरच्या चेहऱ्यावरून तत्काळ उमगतो. यंत्रास चेहरा दिसत नाही. त्याचा क्रम आधीच लिहावा लागतो आणि चूक झाल्याचे ते सांगत नाही. म्हणून लिहिलेला क्रम सर्वांस दिसेल अशा जागी असणे आवश्यक ठरते.

नक्कल, एक कपाट, अनेक कपाटे आणि कपाटांचा क्रम, असा हा पाऊणशे वर्षांचा प्रवास आहे. त्याच्या प्रत्येक टप्प्यावर देवघेवीचे क्षेत्र वाढले आणि नावाचा अर्थ स्वतः नावातून निघून क्रमाकडे गेला. सामायिक संग्रह ही जशी सर्वांची मालमत्ता, तसा त्यापर्यंत नेणारा क्रम हीदेखील सर्वांचीच मालमत्ता होय. संग्रहाची निगा विभाग राखतो. क्रमाची निगा मात्र बहुधा कोणीच राखत नाही. तीही एखाद्या उत्तरदायी व्यक्तीकडे सोपविणे, ती लिहून ठेवणे आणि प्रत्येक निष्कर्षासोबत तिचा उल्लेख करणे, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल.